लाकडी जमिनीखालची हवा

कुठल्याही बंद दाराशी गेले की ते आधी खाली वाकायचे आणि पालथा हात दाराखालच्या फटीशी धरायचे. ऑफिसातली मीटिंग रूम असो, बँक असो, नाहीतर माझ्या स्वयंपाकघराचं दार. हात क्षणभर तसाच ठेवायचा, मग गुडघ्यावर जोर देऊन उठायचं आणि म्हणायचं, "फिरतेय." हवा स्वस्थ असली तर "बसलीय" म्हणायचे आणि खुशीत आत शिरायचे. तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेलच, ज्याचा धंदा त्याच्या हाडांत उतरलेला असतो. आमचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले तरी माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात.

मी त्यांना चाचा म्हणायचे. रायगडच्या किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनच्या पलीकडच्या एका गावचे. तरुणपणी दुबईला आले आणि इथेच केस पिकले. आमचं ऑफिस ऊद मेथातल्या एका जुन्या इमारतीत होतं आणि तिथे बसून आम्ही थंड देशांतल्या घरांची कामं करायचो. कॅनडातले, नॉर्वेतले बिल्डर नकाशे पाठवायचे आणि घर गरम कसं राहील याचा हिशेब आम्ही करून द्यायचो. खिडकीबाहेर डांबर मऊ झालेलं असायचं आणि समोर स्क्रीनवर लिहिलेलं असायचं, बाहेरचं तापमान उणे तीस. मी सोलापूरची. उन्हाळ्यात फरशीवर बादलीभर पाणी ओतून तिच्यावर पसरणाऱ्या गावातली मी, मला जमीन तापवण्याची कल्पनाच चेष्टेची वाटली होती. चाचांना ती कधीच तशी वाटली नाही. एसीच्या गारठ्यात बिनबाह्यांचा स्वेटर घालून ते गंभीरपणे त्या उणे तीसकडे बघत बसायचे.

पाइप किती मीटर लागेल, इन्सुलेशनचे रोल किती, हे मोजायचं काम माझं. चाचांचं काम न दिसणाऱ्या गोष्टीचं. त्या देशांत घराची जमीन लाकडी असते. फळ्यांच्या खाली तुळया, तुळयांच्या मधल्या जागेत गरम पाण्याचे पाइप, पाइपांच्या खाली थोडी मोकळी हवा आणि तिच्याखाली लोकरीसारखं जाड इन्सुलेशन. मधली ती मोकळी हवा किती ऊब अडवते, हे ठरवायचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा एक तयार आकडा असतो आणि बाकीचे तो टाकून मोकळे व्हायचे. चाचा टाकत नसत. गरम हवा वरच राहते, त्यामुळे खाली निघालेल्या उबेला ती चांगली अडवते, हे खरं. पण कडेला कुठे भोक असलं, बाहेरचा वारा आत शिरला, की तिचा उपयोग शून्य. चकचकीत फॉइल लावली तर ती जास्त अडवते, हेही खरं, पण फॉइलचा फायदा ते निम्माच धरायचे. त्यावर धूळ बसणार आणि तिथे पुसायला कुणी जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमचा मॅनेजर लेबनॉनचा, बिचारा घाईचा माणूस. "हबीबी, पुट अ नंबर. खलास," म्हणायचा. चाचा "इन्शाल्ला" म्हणायचे आणि बिल्डरला ईमेल लिहायला घ्यायचे. त्या ईमेलमधला पहिला प्रश्न ठरलेला होता, खाली कोण राहतं? खाली नुसती माती आहे, गाड्या लावतात, की माणसं झोपतात? खाली माणसं असली तर चाचा इन्सुलेशन थोडं पातळ करायचे. खालच्यालाही जरा मिळू दे, म्हणायचे. खाली कुणी नसलं तर मात्र ते उबेचा कणसुद्धा खाली जाऊ द्यायचे नाहीत. खरं सांगायचं तर त्यांनी आमचं डोकं उठवलं होतं. एकदा एका गॅरेजसाठी त्यांनी अख्खा दिवस घालवला आणि शेवटी कळलं की ते गॅरेज बांधणारच नव्हते. मी हसले. तेही हसले, पण काढलेला हिशेब त्यांनी पुसला नाही. पुढेमागे कुणीतरी बांधेल, म्हणाले.

दुपारी ते ऑफिसच्या मागच्या छोट्या खोलीत नमाज पढायचे. मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्ही बर्फ कधी पाहिला नाही, मग तिकडच्या लोकांच्या पायांना काय वाटतं ते तुम्हाला कसं कळतं. त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. दिवसातून पाच वेळा हे जमिनीला लागतं, म्हणाले, पायापेक्षा याला जास्त कळतं. त्यानंतर मी त्या विषयात त्यांची थट्टा केली नाही. बाकीच्या विषयांत चालू ठेवली.

आम्ही दोघंही अल कुसैसला, एकाच गल्लीत राहायचो, त्यामुळे ते रोज माझ्या गाडीतून यायचे. चाची जाऊन काही वर्षं झाली होती. घरी ते एकटेच. सकाळी उठून स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापायचे आणि त्यातली एक फडक्यात बांधून माझ्यासाठी आणायचे. मी ज्वारीची माणूस. तांदळाच्या भाकरीला भाकरी म्हणणं म्हणजे मांजराला वाघ म्हणणं आहे, असं मी त्यांना रोज ऐकवायचे आणि सिग्नलला गाडी थांबली की ती खाऊन टाकायचे.

ऑफिसच्या आधीच्या वळणावर त्यांच्या मुलीची शाळा लागायची. मुलगी इथेच वाढली, इथेच शिकली, मग कॉलेजला कॅनडात गेली आणि तिथलीच झाली. नवरा आपल्याकडचाच, महाडचा. दोघंही नोकरी करणारे, आणि एक मुलगा, तेव्हा नुकताच रांगायला लागलेला. शाळेच्या फाटकापाशी आलो की चाचा बोलणं थांबवून बाहेर बघायचे. युनिफॉर्म बदलला, एवढंच एकदा म्हणाले होते.

मग एक दिवस मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. वयाची अट होती, कंपनीचाही नाइलाज होता, आणि चाचांचा चालू व्हिसा संपला की पुढचा मिळणार नव्हता. ज्यांनी या देशात दिवस काढले आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. नोकरी म्हणजे व्हिसा, व्हिसा म्हणजे घर. तो संपला की भांडीकुंडी वाटून टाकायची आणि निघायचं. माणूस इथे किती वर्षं राहिला हे कुणी विचारत नाही. विचारून उपयोगही नाही.

पण निघायचं कुठे? गावच्या घरात भावांच्या मुलांनी संसार थाटले होते. चाचा दर सुट्टीत जायचे तेव्हा त्यांना ओटीवर कॉट मिळायची, तीसुद्धा पाहुणा म्हणून. राहता राहिली लेक. तिच्याकडे जायचं त्यांच्या मनात होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गाडीत ते कॅनडाची हवा, कॅनडाची थंडी, कॅनडातल्या मशिदी यांच्यावरच बोलायचे. फक्त लेकीला विचारायचे नाहीत.

मी वैतागले. म्हटलं, फोन उचला आणि तिला सरळ सांगा, मी येतोय.

"बापाने लेकीच्या घरात जागा मागायची नसते, बाय," ते म्हणाले. "तिने बोलवायचं असतं. बोलावलं तर जाईन."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर ओटी आहे."

आमच्या सोलापुरातही जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायची नाहीत, म्हणून मला हा हट्ट अगदीच नवा नव्हता. पण इथे मूलही झालं होतं आणि रांगतही होतं. मी हे त्यांना म्हटलं तर त्यांनी विषय बदलला आणि माझ्या गाडीच्या खिडकीचं रबर सैल झालंय, त्यातून हवा फिरतेय, असं सांगितलं.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. तिने एक जुनं लाकडी घर घेतलं होतं आणि त्याची जमीन बर्फासारखी गार पडायची. पोरगं दिवसभर जमिनीवर, हात लाल व्हायचे. तिथला प्लंबर जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप टाकायला तयार होता, पण इन्सुलेशन किती आणि हवा किती सोडायची, हे त्याला नीट सांगता येत नव्हतं. "अब्बा, कॅन यू चेक?" ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की इंग्रजी यायचं. चाचांना तर ही पडत्या फळाची आज्ञाच झाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच. खाली कोण राहतं?

"नोबडी, अब्बा. जस्ट स्टोरेज."

त्यानंतरचे काही आठवडे माझी गाडी म्हणजे एक साइट ऑफिस झाली. आमची सकाळ म्हणजे त्यांची रात्र. पोरगं झोपलं की जावई फोन घेऊन तळघरात उतरायचा आणि स्टुलावर चढून तुळयांच्या मधल्या जागा दाखवायचा. चाचा गाडीत बसून त्याला हुकूम सोडायचे. तिथे बॅटरी मार. नाही, डावीकडे. ती वायर कुठे जाते? ती जिथून बाहेर जाते तिथे भोक असणार. पाइप फळीला घट्ट चिकटला पाहिजे, मध्ये पोकळी नको, तिथली हवा आपला शत्रू. पाइपाच्या खाली मात्र पोकळी हवी, तिथली हवा आपला मित्र. जावई सालस होता, दिवसभराच्या नोकरीनंतर मान मोडून वर बघत उभा राहायचा आणि "जी अब्बा, जी अब्बा" म्हणायचा. मी असते तर फोन बंद करून झोपले असते.

एका सकाळी आम्ही ऑफिससमोर गाडी लावली तरी ते उतरेनात. हवा बसलीय की फिरतेय हे त्यांना बघायचं होतं आणि इतक्या लांबून पालथा हात धरता येत नव्हता. मग त्यांनी जावयाला पोराच्या येत्या वाढदिवसासाठी घेऊन ठेवलेली मेणबत्ती आणायला लावली. पेटव, म्हणाले, आणि फुंकर मारून विझव, आणि धूर तुळयांच्या मध्ये धर. आम्ही दोघं डॅशबोर्डवर टेकवलेल्या फोनकडे डोळे लावून बसलो. धुराची बारीक रेघ वर निघाली, मध्येच वाकडी झाली आणि भिंतीकडे पळाली. चाचांनी मांडीवर थाप मारली. त्या भिंतीत कुठूनतरी वारा येत होता. पुढचे काही दिवस जावई एकेक भोक शोधून बुजवत राहिला आणि रोज एक मेणबत्ती विझवत राहिला.

आणि मग एक दिवस धूर सरळ उभा राहिला. वर गेला, फळीखाली पसरला आणि तिथेच राहिला. हलेना. चाचा पुढे झुकून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आणि मला हसूही आलं. धुराकडे बघून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बसली," ते हळूच म्हणाले. "माशाल्ला, बसली."

मग त्यांनी त्या हवेचा आकडा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या पोकळीला पूर्ण गुण देतोय, असं ते म्हणाले. वर त्यांनी इन्सुलेशनही दुप्पट जाड सांगितलं, कारण खाली सामानच तर होतं. सगळी ऊब वर, नातवाच्या पायांकडे. लेकीने विचारलं, खालून छताला बोर्ड लावायचे आहेत, दोन थर लावू का? चाचा लाव म्हणाले. मी त्यांना चिडवलं की तुमची लेक गोदामाचा महाल करतेय. ते म्हणाले, तिकडे आगीचे नियम कडक असतील. आम्ही दोघंही शिकलेसवरलेले, रोज घरांचे नकाशे बघणारे, पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

व्हिसाची मुदत जवळ येत चालली होती. चाचांनी गावच्या पुतण्यांना कळवलंही होतं की ओटीवरची कॉट विणून घ्या. भाकरी आणायचे, पण स्वतः खायचे नाहीत. कॅनडाची हवा त्यांच्या बोलण्यातून गेली होती. मला रोज वाटायचं, आपणच त्या पोरीला फोन करावा. तिचा नंबर माझ्याकडे होता. पण चाचांना कळलं असतं तर त्यांनी पुन्हा माझ्या गाडीत पाय ठेवला नसता.

आणि मग तिचाच फोन आला. आम्ही अल कुसैसमधून बाहेर पडत होतो, सिग्नल लाल होता. ती म्हणाली, अब्बा, जरा बघा, आणि फोन घेऊन जिना उतरली. तळघराचं तळघर राहिलं नव्हतं. पांढरंशुभ्र छत, कोपऱ्यात पलंग, उंचावर एक छोटी खिडकी, खाली जाड कार्पेट आणि त्याच्यावर किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेला अंथरलेली नमाजाची जानमाज.

"दिस इज युवर रूम, अब्बा," ती म्हणाली. "युवर व्हिसा पेपर्स हॅव कम. त्याच्या आधी सांगायचं नव्हतं मला." शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं, अडखळत, चुकायची भीती असल्यासारखं.

चाचांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "कार्पेट घातलंस ते बरं केलंस." फोन ठेवला आणि रुमालात तोंड घालून लहान पोरासारखे रडले. सिग्नल हिरवा होऊन गेला, मागचे हॉर्न वाजवत होते आणि मीही डोळे पुसत होते. एकाने खिडकी खाली करून "यल्ला, यल्ला" केलं. चाचांनी त्याला हात जोडले. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि मॅनेजरने सांगितलेला आकडा निमूटपणे टाकला.

संध्याकाळी परत येताना मात्र शाळेच्या फाटकाकडे त्यांनी बघितलंही नाही. मग म्हणाले, "बाय, मी खाली काहीच जाऊ दिलं नाही."

मलाही सकाळपासून तेच सलत होतं. म्हटलं, सांगा तिला, थोडं इन्सुलेशन काढून घेऊ दे. ते म्हणाले, छत बंद झालंय, रंग झालाय, आता काय फोडायचं. आणि वर बाळ आहे. खाली हीटर ठेवता येतो. शिवाय तिने मला बोलावलंय, मी काय उबेसाठी चाललोय का? हे बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी पुढे काही म्हटलं नाही.

जायच्या दिवशी मीच त्यांना एअरपोर्टला सोडलं. वाटेत त्यांनी अल कुसैसच्या कब्रस्तानापाशी गाडी थांबवायला सांगितली. मी गाडीतच बसले. ते आत जाऊन लवकरच परत आले, कपड्यांची धूळ झटकली आणि पट्टा लावला. "लेकीकडे चाललोय, सांगून आलो," म्हणाले. चाचीला इथे एकटीला ठेवून निघायचं त्यांना किती जड गेलं असेल, ते त्या एका वाक्यावरून मला कळलं. एअरपोर्टच्या सरकत्या दाराशी त्यांनी वाकून काही बघितलं नाही. ते सरळ आत गेले.

त्यानंतर महिनाभर माझा उजवा हात सिग्नलला भाकरीसाठी आपोआप पुढे व्हायचा. ऑफिसात त्यांच्या जागी एक हुशार मुलगा आला, तो तयार आकडा टाकतो. मॅनेजर खूश आहे. बिल्डरही खूश असतील. कुणाच्या घराखाली कोण राहतं, हे आता आम्हाला माहीत नसतं.

चाचांचे मेसेज यायचे. बर्फाचा फोटो, बुटांचा फोटो, बुटांवर पडलेल्या बर्फाचा फोटो. पहिल्या हिवाळ्यात मी सारखी विचारायचे, थंडी वाजते का? नाही म्हणायचे. लेकीने दोन हीटर ठेवले होते, त्यातला एक त्यांनी बंदच ठेवला होता. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, उगाच काळजी केली, माणूस आपल्या लेकीच्या घरी सुखात आहे.

मग एक व्हिडिओ आला. नातू चालत होता. अनवाणी, लाकडी जमिनीवर, दोन्ही हात वर करून, धपधप पाय आपटत. पलीकडून आईबापाच्या टाळ्या. खाली चाचांनी लिहिलं होतं, पायात मोजे नाहीत, बघ. मी ऑफिसातून निघायच्या बेतात होते, तिकडे सकाळ होती. गाडीत बसल्याबसल्याच त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

ते पलंगावर बसलेले दिसले. स्वेटर बाह्यांचा होता आता. दाढी वाढली होती, पण बाकी चांगले दिसत होते. मी मुबारक म्हटलं, नातवाचं कौतुक केलं, आणि विचारलं, तो पहिल्यांदा चालला तेव्हा तुम्ही काय केलंत?

"मी खाली होतो," ते म्हणाले.

"मग कळलं कसं?"

"लेकीने ग्रुपवर टाकला ना व्हिडिओ. गावच्या पुतण्यांना आला, तेव्हाच मला आला."

मला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. पोरगं त्यांच्या डोक्यावर चाललं होतं. मी विचारलं, रोज वर जाता की नाही? जातो की, म्हणाले, जेवायला फोन करतात तेव्हा जातो. दोघं दमून येतात, त्यांची एवढीशी संध्याकाळ असते, तिथे आपण जाऊन बसायचं बरं दिसत नाही. त्यांना वाटतं अब्बांना शांतता आवडते. लेक तर रोज विचारते, काही हवंय का? आता काय हवंय म्हणून सांगू?

मग ते वर बघत म्हणाले, "मला वाटलेलं, लाकडी जमीन आहे, पोरगं चालायला लागलं की खाली पावलं वाजतील. मी ऐकत बसायचो. पण वाजत नाहीत, बाय. दुप्पट लोकर, दोन बोर्ड, आणि मध्ये ती हवा. हलतच नाही ना ती."

मला रडूही येत होतं आणि त्यांचा रागही आला. त्या पोरीचाही आला, आणि तिचा काही दोष नाही हेही कळत होतं. मी म्हटलं, मी आत्ता तिला फोन करते. ते घाबरले. नको नको म्हणाले, तिला कळलं तर ती आजच छत फोडायला माणसं बोलावेल, आणि मग बाळाचे पाय गार पडतील.

"मग तुम्ही तिला हाक मारा," मी म्हटलं. "जिना चढून जायला लाज वाटते ना? खालूनच मारा. म्हणावं, मला वर यायचंय. बाप आहात तुम्ही तिचे."

चाचा हसले. हीटरचं बटण उगाच फिरवल्यासारखं केलं.

"मारली होती गं एकदा," ते म्हणाले. "पोचली नाही."